पाऱ्याच्या दोन वाटा

दसऱ्याला आमच्या भागात गाड्यांच्या नंबर प्लेटांवरून भारताचा नकाशा जुळवता येतो. पश्चिम बंगाल, तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, आसाम. विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत पाहायला ही सगळी माणसे गावी आलेली असतात. ती मूळची परप्रांतीय नव्हेत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगलेली ही गलाईची माणसे.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, त्यांच्यातलेच. कलकत्त्यातल्या सराफी गल्लीत त्यांनी बत्तीस वर्षे काढली. शेवटची काही वर्षे गावी राहिले तेव्हा त्यांच्या हातात चहाची बशी धरवत नसे. निम्मा चहा धोतरावर सांडे. हिरड्या सुजलेल्या, झोप तुटलेली, आणि मूळचा मोकळा माणूस दारात कोणी आले की आतल्या खोलीत जाऊन बसे. गावाने निदान केव्हाच करून टाकले होते: 'कलकत्त्याची दारू, दुसरं काय!' तात्या माळकरी होते. दारू सोडा, कलकत्त्यासारख्या मासळीच्या शहरात बत्तीस वर्षे राहून त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता.

एकदा मी त्यांना विचारले, "तात्या, झाराच्या कामात पारा वापरायचा ना? मग त्या पाऱ्याचं शेवटी काय व्हायचं?" ते म्हणाले, "उडून जातो की. उडाल्यावर राहतंय काय?"

मी डॉक्टर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी एका पतसंस्थेत. तात्यांना काय झाले होते याचे निदान मी आज करू शकत नाही, आणि तसा दावाही करत नाही. पण त्यांच्या त्या प्रश्नाने मला पुढची वीसेक वर्षे ग्रंथालयांत फिरवले. उडालेला पारा जातो कुठे? त्याचे उत्तर दोन वाटांनी मिळते. एक वाट श्वासाची, दुसरी पाण्याची. जगाला दुसरी वाट माहीत आहे, कारण तिच्यावर मिनामाता आहे. पहिल्या वाटेवर आमची माणसे आहेत.

दुष्काळाने दिलेला धंदा

आजचा सांगली जिल्हा पूर्वी बराचसा साताऱ्यातच मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आटपाडी औंध संस्थानात होते. पण संस्थान कोणाचेही असो, पाऊस सारखाच कमी. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी कोसळणारा पाऊस माणदेशात येईपर्यंत संपलेला असतो. येरळा आणि माणगंगा या नद्या वर्षातले बरेच महिने वाळूच्या असत. अशा भागातल्या माणसाला दोनच वाटा: मुंबईची गिरणी किंवा परमुलुखातली भट्टी.

गलाईला जमीन लागत नाही आणि भांडवलही फार लागत नाही. लागतो तो विश्वास आणि उष्णता सोसण्याची तयारी. सराफ जुने दागिने, तुटके तुकडे देतो. गलाईवाला ते मुशीत घालतो, सवागी टाकतो, वितळवून त्याची लगड करतो. सोने शुद्ध करायचे तर त्यात दुपटी-तिपटीने चांदी मिसळून ती लगड पातळ करतात आणि शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी आणि तांबे विरघळते, सोने तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहते. त्या वेळी निघणारा तांबूस धूर फुप्फुसाला भाजतो. त्या धुराला निदान रंग असतो, वास असतो. तो आला की माणूस तोंड फिरवतो. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही आणि वासही नाही.

एक गाववाला जाई, तो भाच्याला नेई, भाचा पुतण्याला. असे करत गावेच्या गावे बाहेर पडली. ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १४ कॅरटपेक्षा शुद्ध नवा दागिना करायला बंदी झाली. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. या काळात सोने शुद्ध करायला परवाना लागे. लहान गलाईवाल्याला तो कुठून मिळणार? आमच्याकडची जुनी माणसे त्या दिवसांची एकच आठवण सांगतात: दार लावून, खिडकीला पोते लावून केलेले काम. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्या कायद्याची चर्चा तस्करीच्या अंगाने होते. बंद खिडकीच्या अंगाने मी ती कुठे वाचली नाही.

झार

गलाईला लागूनच झाराचे काम असते. सराफाच्या दुकानात कानस चालते, पॉलिश होते, तार ओढली जाते. त्यातून सोन्याचे कण उडतात आणि केरात, भट्टीच्या राखेत, फुटक्या मुशीत, पाय पुसायच्या पोत्यात जाऊन बसतात. हा केर म्हणजे झार. सोनारवाड्याबाहेरची गटारसुद्धा रिकामी नसते. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत झारेकरी आणि धूळधोये अशा जमातींच्या नोंदी आहेत. सोनारांची राख-माती विकत घ्यायची आणि धुऊन तिच्यातले सोने-रुपे काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. महाराष्ट्रात सोन्याची चालू खाण नाही. आपली खाण म्हणजे सराफ पेठच.

कृती अशी. झार जाळून त्याची राख करायची, कुटायची, चाळायची, लोहचुंबक फिरवून लोखंड काढायचे. मग पाण्यात घोळून हलकी माती वाहू द्यायची. तळाच्या जड गाळात पारा घालून तो मळायचा. पारा सोन्याचे कण गिळतो, माती सोडतो. ते मिश्रण ओल्या फडक्यातून पिळले की जादा पारा गळून जातो आणि हातात लोण्यासारखी मऊ, रुपेरी गोळी उरते. तिच्यात साधारण निम्मे सोने आणि निम्मा पारा असतो. ती मुशीत तापवायची. पारा ३५७ अंशांवर उकळतो, सोने १,०६४ अंशांवर वितळते. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर हा सारा धंदा उभा आहे. पारा निघून जातो आणि भोकाभोकांचे पिवळे सोने मागे राहते.

ॲमेझॉनच्या जंगलातला खाणकामगार नदीच्या वाळूतून सोने काढतो तेव्हा नेमके हेच करतो. कृती तीच, फक्त वाळूच्या जागी केर.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाऱ्याची वाफ पकडायची कशी, हे आपल्याकडे शेकडो वर्षांपासून ठाऊक होते. रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याच्या दोषांची यादी आहे, आणि तिच्यात 'विष' हा दोष नावानिशी आहे. 'रसरत्नसमुच्चया'त यंत्रांची वर्णने आहेत. तिर्यक्पातन यंत्रात एका घटाला तिरपी नळी जोडून वाफ दुसऱ्या, थंड घटात उतरवतात. डमरू यंत्रात तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी असतात. खालचे तापते, वरचे ओल्या फडक्याने थंड राहते आणि पारा वरच्या मडक्याला चिकटतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास लिहिताना ही यंत्रे आधुनिक रसायनज्ञांच्या नजरेपुढे आणली. स्वतः राय यांचे नाव झाले तेही पाऱ्याच्याच एका संयुगामुळे, १८९६ मध्ये. आज संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या खाणकामगारांना जे 'रिटॉर्ट' वापरायला शिकवतात ते दुसरे काही नसून तिर्यक्पातन यंत्राचेच लोखंडी भावंड आहे.

मग ते आमच्या भट्टीवर का नव्हते? रसवैद्याला पारा मोलाचा होता, तो वाया जाऊ द्यायचा नव्हता. गलाईवाल्याला मोल सोन्याचे. दोन-चार ग्रॅम पाऱ्यासाठी नळी जोडत कोण बसणार? पाऱ्याच्या किमतीत माणसाच्या फुप्फुसाची किंमत कधी धरली गेली नाही.

पहिली वाट: श्वास

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणाऱ्यांवर एक प्रकरण आहे. चक्कर, लुळेपणा, मृतासारखा चेहरा, आणि फार थोड्यांना लाभणारे म्हातारपण. रामाझ्झिनींनी वैद्यांना एक साधी सूचना केली होती. रोग्याला जे नेहमीचे प्रश्न विचारता त्यात आणखी एक घाला: तुम्ही काम काय करता? तात्यांना तीन डॉक्टरांनी तपासले. हा प्रश्न एकानेही विचारला नाही. दारू मात्र तिघांनीही विचारली.

पातळ पारा चुकून पोटात गेला तर आतडे तो जवळजवळ घेतच नाही, तो तसाच बाहेर पडतो. वाफेचे उलट आहे. श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो, रक्तातून मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. हातांचा कंप, हिरड्यांची सूज, निद्रानाश, विसराळूपणा आणि एक चमत्कारिक लाजाळूपणा. माणूस चिडका होतो, माणसांत यायला संकोचतो. वैद्यकात या स्वभावबदलाला स्वतंत्र नाव आहे. आमच्या गावात त्याला 'डोकं फिरलं' म्हणत.

पतसंस्थेत आकडेमोड करण्यात आयुष्य गेले म्हणून एक हिशेब मांडतो. बारा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे ४० घनमीटर हवा. कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पाऱ्याच्या वाफेची मर्यादा दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम होती, आठ तासांच्या सरासरीने. बंद खोलीत एकच ग्रॅम पारा उडवला तर दर घनमीटरला २५ मिलिग्रॅम येतात. म्हणजे पाचशेपट. एवढी वाफ हवेत टिकत नाही हे खरे. थंड होताच ती भिंतीवर, पत्र्यावर, दांडीवरच्या कपड्यांवर बारीक थेंब होऊन बसते. पण तेथून ती पुन्हा दिवसरात्र उडत राहते. आणि आमची माणसे त्याच खोलीत जेवत, त्याच खोलीत झोपत.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पाऱ्याची विषबाधा होती. कलम ८९ प्रमाणे असा रोगी आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचे असे. कायदा चांगलाच होता. पण कारखाना कशाला म्हणायचे? वीज वापरत असाल तर दहा कामगार हवे असत, नसाल तर वीस. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. गलाईच्या दुकानात असतात तिघे: मालक, त्याचा पुतण्या आणि गावाकडून आणलेला एक पोरगा. रोग अनुसूचीत आहे, पण रोग्याची खोली कायद्यात नाही.

दुसरी वाट: मासा

आता पाण्याची वाट. जपानमधल्या मिनामाता गावी चिस्सो कंपनीचा कारखाना होता. तेथे १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे संयुग वापरत आणि सांडपाणी खाडीत सोडत. १९५० च्या दशकात आधी मांजरे नाचल्यासारखी करून मरू लागली, मग कोळ्यांच्या घरांतली माणसे. कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉ. होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी या अनोळखी रोगाची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. पुढे त्यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला देऊन तोच रोग उमटलेला पाहिला. १९५९ चा तो निष्कर्ष कंपनीने दाबला. सरकारने कारण जाहीरपणे मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी. मधली बारा वर्षे कोळी मासे खात राहिले, कारण घरात दुसरे काही नव्हते.

तेथला गुन्हेगार मेथिल पारा. तो कारखान्यातच तयार होऊन बाहेर पडत होता. मग साध्या पाऱ्याची भीती नाही, असे काही काळ मानता आले. १९६९ मध्ये येन्सेन आणि यर्नेलोव या स्वीडिश संशोधकांनी तीही आशा संपवली. पाण्याच्या तळाच्या चिखलातले सूक्ष्म जीव साध्या पाऱ्याचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे पारा कोणत्याही रूपात पाण्यात गेला तरी चालतो, पुढचे काम चिखल करतो. चिखलातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, प्रत्येक पायरीला साठा वाढत जातो. माशाबरोबर पोटात गेलेला मेथिल पारा आतडे जवळजवळ पूर्ण शोषते. तो वारेतून गर्भातही जातो. मिनामात्यात धडधाकट दिसणाऱ्या आयांना लुळी मुले झाली ती यामुळे.

सोन्याच्या खाणीखालच्या वस्त्यांचे काय होते, याचे चित्र ब्राझीलमध्ये दिसले. १९८० च्या सुमारास ॲमेझॉनमध्ये सोन्याची झुंबड उडाली. तापाजोस नदीकाठी खाणकामगार पाऱ्याने सोने काढत आणि नदीच्या खालच्या अंगाला मूळ रहिवासी रोज मासा खात. फिलिप ग्रांजाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तेथल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापाजोसकाठच्या तीन गावांतल्या २४६ मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांच्या केसांत पारा दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होता. या पातळीपुढे मेंदूच्या वाढीला धोका मानतात. ज्यांचा पारा अधिक, त्या मुलांची हातांची चपळाई, लक्ष आणि आकार-जागेचे आकलन चाचण्यांत कमी पडले. या मुलांनी सोने कधी हातात धरले नव्हते.

हे वाचताना 'ब्राझील लांब आहे' असे वाटते. ठाणे लांब नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ मध्येच निबंध लिहिला होता. तो पारा कारखान्यांचा होता, सोन्याचा नव्हता. पण खाडीचा चिखल पाऱ्याला त्याचे गाव विचारत नाही. कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. तेथे दोन्ही वाटा एकाच डोंगरावर दिसल्या. कामगार वाफेत काम करत होते, आणि पुढे कोडाई तलावाच्या पाण्यात, गाळात आणि माशांतही पारा मोजला गेला. २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. ते कामगार एका छपराखाली होते, त्यांची हजेरी लागत होती, म्हणून त्यांचा आकडा तरी सांगता येतो.

वाटा मिळतात तेथे

कलकत्त्याची सोनाराची पेठ म्हणजे बऊबाजार. अशाच गल्ल्यांत गलाईची दुकाने. झार धुतलेले पाणी मोरीत जाते. त्याच्याबरोबर पाऱ्याचे इतके बारीक थेंब जातात की ते पुन्हा एकत्र येत नाहीत. तेजाबात विरघळलेला पाराही शेवटी त्याच मोरीचा रस्ता धरतो.

शहराचे सांडपाणी पूर्वेकडे वाहते. तेथे सुमारे १२,५०० हेक्टरांची पाणथळ आहे. २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ध्रुबज्योति घोष नावाच्या अभियंत्याने आयुष्य वेचून जगाला तिचे महत्त्व पटवले. उथळ तळ्यांत, ज्यांना तिथे 'भेरी' म्हणतात, सांडपाणी उन्हात उभे राहते, शेवाळ वाढते, शेवाळावर मासा वाढतो आणि तो मासा शहराच्या ताटात येतो. यंत्राशिवाय, विजेशिवाय शहराची घाण साफ करणारी अशी व्यवस्था जगात विरळाच. ऊन आणि शेवाळ मैला पचवते. धातू मात्र पचत नाही. या भेरींतल्या माशांमधला पारा बंगालमधल्या संशोधकांनी मोजून २०१० मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आहे.

घाईने निष्कर्ष काढणार नाही. भेरीतला पारा आमच्या गलाईचाच, असे मी म्हणत नाही. शहराच्या सांडपाण्यात पारा यायच्या वाटा अनेक असतात: फुटलेल्या ट्यूबलाइटी, थर्मामीटर, बॅटऱ्या, दाताच्या दवाखान्यातले चांदीचे भरण, दगडी कोळशाचा धूर. शिवाय रोहू, कटला हे मासे अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे, शिकारी माशाइतका पारा ते साठवत नाहीत. आणि गरिबाला परवडणारे मासळीसारखे सकस अन्न दुसरे नाही, तेव्हा त्याच्या ताटातला मासा काढून घेणे हे उत्तर नव्हेच. मला एवढेच दिसते की तात्यांच्या मुशीतून पारा दोन वाटांनी बाहेर पडत होता. एक वाट त्यांच्या स्वतःच्या छातीत जात होती, दुसरी बंगाली शेजाऱ्याच्या ताटाकडे. तात्या माळकरी असल्यामुळे दुसऱ्या वाटेपासून वाचले. पहिलीपासून वाचवणारी माळ नाही.

खाण नाही, खनिज नाही

पाऱ्यावरचा जागतिक करार २०१३ मध्ये मिनामात्याच्याच प्रांतात, कुमामोतो येथे झाला. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या जागतिक मोजदादीप्रमाणे माणूस दर वर्षी हवेत सोडतो तो पारा सुमारे २,२२० टन. त्यातला सुमारे ३८ टक्के एकट्या छोट्या सोनेखाणींचा. दगडी कोळशापेक्षाही जास्त. म्हणून कराराचे सातवे कलम खास या खाणकामासाठी आहे. त्यात सहभागी देशांनी राष्ट्रीय आराखडा करायचा, उघड्यावर पारा जाळणे बंद करायचे, कामगारांच्या आणि आसपासच्या वस्त्यांच्या आरोग्याची योजना करायची.

ते कलम वाचताना मी एका शब्दावर थांबलो. पाऱ्याने सोने काढायचे ते 'खनिजापासून', अशी तेथे व्याख्या आहे. झार खनिज नाही. तो केर आहे. गलाईचे दुकान खाण नाही, कारखाना नाही. तेथला माणूस खाणकामगार नाही आणि कारखान्यातला कामगारही नाही. गलाईवाला इतकी वर्षे सोन्यात राहिला, पण एकाही व्याख्येत राहिला नाही.

आता चित्र बदलते आहे हे मान्य केले पाहिजे. मोठ्या शहरांत यंत्रावर सोने शुद्ध करणारे कारखाने आले. धूर ओढून धुणारी यंत्रे आली. गलाईवाल्यांची नवी पिढी शिकली, काहींनी मोठ्या पेढ्या काढल्या, गावाकडच्या शाळांना आणि देवळांना हात सैल सोडून देणग्या दिल्या. पण मोठा कारखाना उरलेला केर झाडत बसत नाही. झार लहान माणसाकडेच राहतो.

आणि गावही बदलले. कराडजवळ टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढून खानापूर-आटपाडीच्या माळावर आले. ज्या तलावात माझ्या लहानपणी आम्ही क्रिकेट खेळलो, त्यात आता पाणी आहे आणि पाण्यात रोहू, कटला, चिलापी आहे. बाजारात मासेवाल्याभोवती गर्दी असते. विटा, कराड, सांगलीच्या सराफ पेठांत गलाईची दुकाने आहेतच, आणि परमुलुखातून कायमचे परतणाऱ्यांना हाताला येणारे काम तेच. येरळा वाहत जाऊन ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. म्हणजे इतके दिवस एक वाट आमच्या गावात होती आणि दुसरी दुसऱ्याच्या. आता दोन्ही वाटा एकाच तालुक्यात मिळू शकतात. अजून वेळ गेलेली नाही, म्हणूनच हे लिहितो आहे.

करायचे ते अवघड नाही. वाफेतून गेलेला पारा लघवीत सापडतो. संपर्क सुटल्यावरही त्याचा साठा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. माशातून आलेला पारा केसांत सापडतो. देशभरातली गलाईची माणसे दसऱ्याला आपसूक गावी जमतात. तेवढ्या चार दिवसांत पालखीच्या मैदानाशेजारी एक तंबू ठोकून लघवीचे आणि केसांचे नमुने घेतले, नाव, गाव, किती वर्षे, खिडकी किती, झोपता कुठे, एवढे पाच प्रश्न विचारले, तर जगात कुठेही नसलेली नोंद आपल्याकडे होईल. रक्तदानाची शिबिरे आपण भरवतोच. झाराचे काम करणाऱ्या प्रत्येक भट्टीला नळीचे साधे यंत्र जोडणे, गोळी उघड्यावर न तापवणे, कामाच्या खोलीत न झोपणे, धुण्याचे पाणी मोरीत न सोडता कुंडीत साठवून गाळ वेगळा ठेवणे, हे लोहाराला आणि गवंड्याला सांगून होणारे काम आहे. आणि हाताला कंप असलेला माणूस दवाखान्यात आला तर डॉक्टरने दारूच्या आधी कामाविषयी विचारावे. रामाझ्झिनींनी ते सांगून तीनशे वर्षे होऊन गेली.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांची लोखंडी पेटी माझ्याकडे आहे. तिच्यात एक सांडशी, दोन फुटक्या मुशी, तुळशीची एक जुनी माळ आणि फडक्याचा एक तुकडा आहे, पिळून पिळून कडक झालेला. झार पिळायचे ते फडके. पेटी मी घरात ठेवत नाही, गोठ्याच्या छपराखाली ठेवतो. पोरांना सांगून ठेवले आहे, हात लावायचा नाही.

"उडाल्यावर राहतंय काय?" असे तात्यांनी विचारले होते. ते हयात असताना मला उत्तर देता आले नाही. आज देतो. तात्या, सगळे राहते.